फोनिक्सचा क्लास की घरची पाटी?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की नागपुरात धरमपेठ, प्रतापनगर, मनीषनगर सगळीकडे फोनिक्स क्लासच्या, म्हणजे अक्षरांच्या ध्वनींवरून इंग्रजी वाचायला शिकवणाऱ्या क्लासच्या, पाट्या दिसायला लागतात आणि केजी-टू, पहिलीतल्या मुलांच्या आईबाबांचा एकच प्रश्न असतो: लावायचा का? आमच्याकडे दोन्ही करून झालंय. मुलगी काही महिने क्लासला जायची, आता घरीच पाटी घेऊन बसते. मधे मोबाइलवरचं एक ॲपही होतं. प्रत्येक मुलाचा स्वभाव आणि प्रत्येक घराच्या वेळा वेगळ्या, तेव्हा हा एका घरचा अनुभव आहे, एवढं धरून वाचा.

क्लासचं चांगलं ते आधी. शिकवण्याचा क्रम तयार मिळतो. अनेक क्लास ‘जॉली फोनिक्स’ या शिकवण्याच्या पद्धतीचा क्रम पाळतात: एबीसीडी बाजूला ठेवून सुरुवात एस, ए, टी, आय, पी, एन या सहा अक्षरांपासून, आणि मग सहा-सहाच्या गटांनी एकूण 42 ध्वनी. सुरुवातीच्या सहांतूनच सॅट, पिन, टॅप, नॅप असे कितीतरी शब्द जुळतात, त्यामुळे मूल लवकर ‘वाचायला’ लागतं आणि त्याचा हुरूप टिकतो. शिवाय गाणी, हातवारे, सोबतीला मुलं. बुजरं मूल तिथे घरच्यापेक्षा मोकळेपणी तोंड उघडतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग क्लास का थांबवला? एका शेपटीमुळे.

बाई बी चा ध्वनी ‘ब’ असा शिकवायच्या, टी चा ‘ट’, के चा ‘क’. प्रत्येक व्यंजनाच्या मागे ‘अ’ ची शेपटी. बॅट वाचताना मुलगी म्हणायची ‘ब... ऍ... ट’, आणि ते जोडलं की व्हायचं ‘बऍट’. तिला तो शब्द सापडतच नसे. चित्राकडे बघून ती ‘बॅट’ म्हणून टाकायची, म्हणजे वाचन झालंच नाही, अंदाज झाला. खरी पंचाईत स्पेलिंगमध्ये दिसली. ब्लॅक लिही म्हटलं तर बी-यू-एल-ए-के. स्टॉप म्हटलं तर एस-यू-टी-ओ-पी. फ्रॉगमध्येही एफनंतर यू. तिच्या कानाला तिथे ‘अ’ ऐकू यायचा, आणि ऐकलेलं ती इमानदारीने लिहायची. बाईंना विचारलं तर उत्तर मिळालं की पुढे आपोआप सुटतं. सुटतही असेल काहींचं. पण रोज पाटीवर तोच यू दिसायला लागला तेव्हा माझा धीर संपला.

आणि गंमत म्हणजे यावरचा उपाय आपल्या मराठी घरात आधीच आहे. आपल्या मुळाक्षरात ‘अ’ असतोच, आणि तो काढायचा कसा हेही आपल्याला ठाऊक आहे: पाय मोडायचा. मी तिला ‘क’ आणि ‘क्’ दोन्ही पाटीवर लिहून दाखवले आणि पाय मोडलेला कसा अर्ध्यावर तुटतो ते म्हणून दाखवलं. क्, ट्, प् कुजबुजल्यासारखे म्हणायचे. गळ्यावर बोट ठेवलं तर काहीच थरथरायला नको. ब्, ड्, ग् ला गळा थरथरतो, पण तेही तोडूनच. वाचायला सुरुवात मात्र लांबवता येणाऱ्या ध्वनींनी केली: म्, स्, न्, फ्, ल्. मॅन, सन, फॅन. म्‌ लांबवत लांबवत सरळ ऍ मध्ये शिरता येतं, मधे शेपूट घुसायला जागाच उरत नाही.

स्पेलिंगसाठी चौकोन काढतो. एल्कोनिन नावाच्या रशियन मानसशास्त्रज्ञाच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. शब्दात जितके ध्वनी तितके चौकोन, एका चौकोनात एकच ध्वनी. स्टॉपला चार, मग यू बसणार कुठे? शिपला अक्षरं चार पण चौकोन तीनच, कारण एस-एच एकाच घरात राहतात. डकमधले सी-के तसेच. क्लासमध्ये दहा शब्दांची यादी पाठ करून डिक्टेशन व्हायचं. शाळेतल्या मार्कांना ते पुरतं, पण यादीबाहेरचा शब्द आला की मूल अडतं. पाठांतर मी द, सेड, वॉज अशा, ध्वनींच्या हिशेबात न बसणाऱ्या हट्टी शब्दांपुरतंच ठेवलंय.

ॲपबद्दल थोडक्यात. आमच्याकडचं अमेरिकन उच्चारांचं होतं, त्यात हॉटचं ‘हाट’ व्हायचं आणि मुलगी ओ च्या जागी ए लिहायची. बटणं दाबून तारे मिळवण्यातच तिचं लक्ष जास्त. वाचायला गोष्टी हव्या असतील तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेचं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ बरं: फुकट, पातळीप्रमाणे लावलेलं, इंग्रजी-मराठी दोन्ही.

घरच्या पद्धतीतही उणिवा आहेत. व्ही आणि डब्ल्यू आपल्या तोंडी एकच ‘व’. गेट म्हणजे दरवाजा की मिळवणं, वेट म्हणजे ओलं की थांबणं, हे आपल्या ‘ए’ वरून कळत नाही. अशा जोड्या मी मोबाइलवर चांगल्या उच्चारात ऐकवतो, मग पाटीवर. दुसरी उणीव शिस्तीची. पाहुणे आले, कुकर लावायचा राहिला, की पाटी राहिली. दहा मिनिटं पुरतात, पण ती रोज हवीत. तुम्ही दोघंही नोकरीवरून सातनंतर घरी येत असाल आणि आजी-आजोबांना इंग्रजीची सवय नसेल, तर क्लासच बरा, हे मी मनापासून सांगतो.

सरावाला रस्त्यावरच्या पाट्या कामी येतात, पण निवडून. मेट्रोत आम्ही ‘पार्क’, ‘मार्केट’, ‘मॉल’ शोधतो. झिरो माईल स्टेशन तर फार उपयोगी पडलं: माईलमधला शेवटचा ई गप्प बसतो आणि आय ला ‘आय’ म्हणायला लावतो, तेच मग किट-काइट, कॅप-केपमध्ये. गावांची नावं मात्र टाळा. सीताबर्डीची इंग्रजी पाटी तिने अक्षराला अक्षर लावून ‘सिटाबुल्डी’ वाचली. वाचन बरोबर होतं, आपली बर्डीच त्या स्पेलिंगमध्ये मावत नाही.

तरीही क्लास लावायचं ठरत असेल, तर डेमोला स्वतः बसा. खोली, खेळणी, वर्कबुक यांकडे नंतर बघता येईल. बाईंना बी, डी, टी, के चे ध्वनी म्हणायला सांगा आणि कान देऊन ऐका. मागे ‘अ’ लागत नसेल तर खुशाल फी भरा. लागत असेल तर एकदा विनंती करून पाहा, कारण शिकवणाऱ्याने मनावर घेतलं तर ही सवय थोड्या दिवसांत जाते. तेवढंही होत नसेल, तर फीऐवजी दगडी पाटी आणि खडूचा डबा आणा.