पाटे कारागिराचे, आकडे आपले : वडाळा-कुर्ल्याचं पाटेकाम आणि जुनी मोटरहोम

टाटा 407 ही छोटी मालगाडी आली 1986 साली. सुरुवातीच्या वर्षांतल्या चेसिसवर बांधलेल्या मोटरहोम (आत राहायची सोय असलेल्या गाड्या) अजून रस्त्यावर आहेत, आणि त्यांच्या मालकांची तक्रार बहुधा एकच असते: गाडी मागून बसली आहे, तरी आदळते रिकाम्या ट्रकसारखी. दोन्ही दोष पाट्यांचे, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या लीफ स्प्रिंगच्या पट्ट्यांचे. हे दोष काढायला मुंबईत वडाळ्याचं ट्रक टर्मिनल किंवा कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठावा लागतो. तिथल्या कामाचं हे परीक्षण.

लोखंडकाम चोख आहे, हे आधीच सांगतो. गंजून बसलेली पिन काढणं, तिच्याभोवतीचा बुश (नळीसारखं अस्तर) बसवणं, तुटलेल्या पाट्याच्या मापाचा नवा पाटा कापून भोक पाडून देणं, यात या कारागिरांचा हात कुणी धरणार नाही. कमी पडतं ते मोजमाप. त्यांच्याकडे येते ती मालाची गाडी, सकाळी भरलेली, संध्याकाळी रिकामी. मोटरहोम कायम भरलेलीच असते, पण कधीच पूर्ण क्षमतेएवढी नाही. त्यामुळे "शेठ, दोन पाटे वाढवून देतो, परत बसणार नाही" हा सल्ला ट्रकला बरोबर आणि मोटरहोमला चूक. गाडी उंच होते, पण आतल्या कपाटांचे बिजागर सुटायला लागतात.

म्हणून दुकानात जायच्या आधी वजनकाट्यावर जा. पाण्याची टाकी भरलेली हवी (200 लिटर म्हणजे 200 किलो), सिलिंडर, बॅटऱ्या, गाद्या सगळं जागच्या जागी. आधी फक्त पुढची चाकं, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. काट्याबाहेरची जमीन समपातळीत असेल तर एकेका बाजूची चाकं चढवूनही वजन घ्या. ओटा आणि टाकी एकाच बाजूला असली की गाडी तिकडे झुकते, आणि दोष त्या बाजूच्या पाट्याला लागतो. अशा वेळी टाकी हलवणं हाच उपाय.

आता जाडी. पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. 10 मिमीच्या जागी 11 मिमीचा पाटा घातला तर तो एक पाटा सुमारे 33 टक्के जास्त ताठर होतो, 12 मिमीचा घातला तर 73 टक्के. "एक सूत जाड चालेल" म्हणून जे मिळतं ते बसवलं जातं, तिथेच गाडीची चाल बिघडते. जाडी मोजायला व्हर्निअर घेऊन जा, प्रत्येक पाटा मोजा, डाव्या-उजव्या बाजूंची मापं जुळवून घ्या. पाटे मोकळे असतानाची आणि भार पडल्यावरची कमान यांत 60 मिमीचा फरक पडत असेल तर गाडी सेकंदाला साधारण दोनदा हलते, म्हणजे ट्रकची चाल. तोच फरक 100 मिमीवर नेला तर दीडच्या आसपास येते, आणि आत बसणाऱ्याला ते लगेच कळतं.

बसलेल्या पाट्याला कमान काढण्याच्या दोन पद्धती इथे दिसतात. थंड पाट्यावर घण मारून काढलेली कमान काही काळ टिकते, मग हळूहळू उतरते. गॅसच्या बत्तीने मधेच तापवून वाकवणं मात्र साफ नाकारा. त्या जागचा ताव (तापवून-विझवून आणलेला कडकपणा) उतरतो, पाटा तिथे मऊ पडतो आणि तिथूनच बसतो किंवा तुटतो. योग्य काम म्हणजे अख्खा पाटा भट्टीत लाल करून तेलात विझवणं आणि पुन्हा बेताचा ताव देणं. ज्याच्याकडे भट्टी आणि तेलाची टाकी दोन्ही दिसतात, त्यालाच हे काम द्या. नसेल तर नवा संच घेतलेला बरा. पाटे जागेवर असताना चेसिसला वेल्डिंग चालू असेल तर पाटे झाकायला सांगा. पाट्याच्या वरच्या बाजूवर ताण असतो, तिथे ठिणगीचा एक थेंब चिकटला तरी भेग तिथूनच सुरू होते.

जोडणीत तीन गोष्टींवर उभं राहून लक्ष ठेवा. पाटे अॅक्सलला बांधणारे जुने यू-बोल्ट परत लावू देऊ नका, ते एकदा ताणले गेलेले असतात. रबरी बुश असतील तर त्यांचे नट गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच शेवटचे आवळायचे. जॅकवर असताना आवळले की रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आणि पाट्यांच्या मधे ग्रॅफाइट ग्रीस हवंच. मुंबईच्या खाऱ्या हवेत पाट्यांमधला गंज फुगतो, पाटे एकमेकांना धरून बसतात आणि सगळा संच एका जाड पट्टीसारखा वागतो. पुढच्या पाट्यांची कमान बदलली असेल तर कॅस्टर (पुढच्या चाकांच्या वळण्याच्या आसाचा पुढे-मागे कल) मोजल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. गरज पडली तर पाचरीसारखी पॅकिंग घालून तो जुळवता येतो.

चाचणी ही दुकानं करत नाहीत, एक चक्कर मारून आणतात. ती आपण करायची. शॉकअपच्या दांड्याला केबल टाय घट्ट बांधा, गतिरोधक आणि पुलांवरचे सांधे ओलांडून या. टाय किती सरकला त्यावरून खरी हालचाल कळते. तो टोकाला पोहोचला असेल तर गाडी बंप रबरावर, म्हणजे हालचाल शेवटी अडवणाऱ्या रबरावर, आदळते आहे. परत आल्या आल्या चारही शॉकअपना हात लावा, जपून, कारण चांगला शॉकअप चांगलाच तापतो. जो गार आहे तो काम करत नाही. वळणावरची डोलणी पाटे जाड करून थांबवू नका, त्यासाठी अँटी-रोल बार लागतो आणि तो या दुकानांत बनवून घेऊ नये.

पन्नास वर्षांहून जुनी गाडी असेल आणि 2021 च्या केंद्रीय नियमांखाली व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर एअर सस्पेन्शनच्या मोहात पडू नका. चेसिसमधला बदल तिथे आडवा येतो. मूळ पाटेच नीट करून घ्या.

पहिल्या 100-200 किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, 500 नंतर परत एकदा. सैल राहिले तर पाटे मधोमध धरणारा सेंटर बोल्ट तुटतो आणि अॅक्सल जागचा सरकतो. त्याच वेळी चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची उंची चारही ठिकाणी मोजा. नवे पाटे 5 ते 10 मिमी बसणं स्वाभाविक आहे. दोन बाजूंत त्याहून जास्त फरक आला तर दुकानाने संच खोलून पुन्हा नीट करून द्यायचा, ही अट काम देतानाच बोलून घ्या आणि थोडे पैसे तोवर हातात ठेवा.