सात महिने ‘लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर’: गोष्ट दणकट, खलनायक मात्र एका चिठ्ठीवर

अजून खेळायचं असेल तर इथेच थांबा. पुढे सगळी गोष्ट फोडली आहे.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या फासे टाकत, भूमिका घेऊन गोष्ट खेळायच्या खेळाचा २०१४चा स्टार्टर सेट, त्यातली ही गोष्ट. बॉक्समध्ये काय येतं याचा पाढा नको, तो सगळ्यांना पाठ आहे. टेबल सांगलीतलं, चार खेळाडू, दर रविवारी तीन तास, भाषा मराठी. हे लिहायला निमित्त असं की चौथ्या भागात, वेव्ह एको केव्ह या शेवटच्या गुहेच्या तोंडाशी उभं राहून टेबलावरून प्रश्न आला, “हा काळा कोळी म्हणजे नेमका कोण होता?” सातव्या महिन्यात!

चूक खेळाडूंची नाही. ब्लॅक स्पायडर, म्हणजेच ‘काळा कोळी’, हा खलनायक नेझनार. त्याचं हे टोपणनाव पहिल्या भागात पकडलेल्या गॉब्लिनच्या (खुज्या राक्षसाच्या) तोंडून निसटतं. दुसऱ्या भागात रेडब्रँड या गुंडटोळीच्या तळघरात, तिचा म्होरक्या ग्लासस्टाफ याच्या खोलीत त्याची चिठ्ठी सापडते: परके लोक येताहेत, त्यांना धर नाहीतर मार, त्यांच्याजवळचे नकाशे माझ्याकडे पाठव. तिसऱ्या भागात त्याची एक हस्तक भेटते, तीही वेश पालटून. तो स्वतः येतो तो थेट शेवटच्या गुहेत. सलग दोन दिवसांत खेळ संपवणाऱ्यांना हे पुरतं. रविवारी-रविवारी खेळणाऱ्यांच्या बाबतीत चिठ्ठी आणि गुहा यांच्यामध्ये दोन-तीन महिने जातात.

त्यात मराठीची स्वतंत्र अडचण. ‘काळा कोळी’ म्हटलं की कृष्णाकाठच्या माणसाच्या डोळ्यांसमोर होडी आणि मासे येतात. ‘त्याने जाळं पसरलंय’ हे वाक्य तर कोळी किडा असो की कोळी माणूस, दोघांनाही फिट्ट बसतं. गैरसमज पक्का. नाव इंग्रजीच ठेवा किंवा ‘आठपाया’ करा. दुसरं ऐकायला विचित्र वाटतं, म्हणूनच लक्षात राहतं.

याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं. त्या नाटकांत सूत्रधार पदांतून कथा पुढे न्यायचा आणि पात्रं आपलं बोलणं आयत्या वेळी रचायची. डीएमचं (खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरचं) काम याहून फार वेगळं नाही. पण रामायणातला रावण कोण, हे सूत्रधाराला समजावून सांगावं लागत नव्हतं. इथला रावण पहिल्यापासून पेरावा लागतो, आणि पुस्तक ते काम डीएमवर टाकून मोकळं होतं.

उपाय स्वस्त आहे. चिठ्ठी वाचून दाखवू नका, हातात द्या. साधा कागद, काळा चहा, दहा मिनिटं भिजवून पंख्याखाली वाळवा. शाई बॉलपेनची घ्या आणि मजकूर वाळल्यावरच लिहा, नाहीतर फुगलेल्या कागदावर पेन अडकतं. सहीच्या जागी आठ पायांची खूण. मग तीच खूण आणखी तीन ठिकाणी: गॉब्लिनांचा म्होरक्या क्लार्ग याच्या गुहेतल्या चोरीच्या पेट्यांवर, एखाद्या रेडब्रँडच्या मनगटावर गोंदलेली, आणि क्रॅगमॉ कॅसल या किल्ल्यात टोळीचा राजा किंग ग्रोल याच्या टेबलावर. यातली एकही खूण फाशाआड लपवू नका. गाठायचा आकडा (डीसी) १५ आणि बोनस +३ असेल तर वीस बाजूंच्या फाशावर (डी२०) किमान १२ लागतात, म्हणजे १०० पैकी ५५ वेळा दुवा हुकतो. गोष्ट पुढे नेणारा दुवा फुकट द्यावा. फासे टाकायचे ते त्याहून जास्त काय कळतं यासाठी.

सुरुवातीची लढाई फार जीवघेणी आहे, अशी नेटवर बरीच ओरड आहे. रस्त्यावर मेलेले दोन घोडे, झाडीत चार गॉब्लिन, प्रत्येकाचा हल्ला +४, इजा १डी६+२ (सहा बाजूंचा एक फासा अधिक २). आठेक हिट पॉइंटांचा (जीव मोजायच्या गुणांचा) विझार्ड दोन फटक्यांत आडवा. ओरड खरी आहे, पण लोक पुढची ओळ वाचत नाहीत: गॉब्लिन जिंकले तर ते पार्टीला (खेळाडूंच्या गटाला) बेशुद्ध सोडून, लुटून निघून जातात. म्हणजे हरलं तरी गोष्ट थांबत नाही, उलट सामान परत मिळवायचं कारण मिळतं. पुढे गुहेत यीमिक हा गॉब्लिन कैदी सिल्डरला ओलीस धरून “क्लार्गचं मुंडकं आणा” म्हणतो, तोही असाच झकास पेच. लढाईपेक्षा ही घासाघीस जास्त रंगते.

तिसऱ्या भागाबद्दल पहिलं मत वाईट होतं. ओल्ड आउल वेल, वायव्हर्न टॉर, थंडरट्री, सगळीकडे नुसती भटकंती, आणि पार्टीला काम देणारा गंड्रेन बिचारा क्रॅगमॉ कॅसलमध्ये कैदेत. पार्टीने महिनाभर झोपा काढल्या तरी त्याच्या केसाला धक्का लागत नाही! इथे मत बदललं ते एका वाटीमुळे. कागदावर वाटी पालथी ठेवून गोल काढा, कलिंगडासारख्या फोडी पाडा, प्रत्येक लाँग रेस्टला (रात्रभराच्या विश्रांतीला) एक फोड रंगवा. ही घड्याळाची युक्ती ‘ॲपोकॅलिप्स वर्ल्ड’ या दुसऱ्या खेळामुळे माहीत झालेली, आमची नव्हे. सहा फोडी कमी पडल्या, कारण नुसत्या प्रवासातच रात्री जातात. आठ बरोबर बसल्या. दोन भरल्या की गावात खूण दिसल्याची अफवा, पाच भरल्या की वाटेवर हेर, आठ भरल्या की व्हायरिथ (नेझनारची ती वेश पालटलेली हस्तक) गंड्रेनला नकाशासकट किल्ल्यातून गुहेकडे घेऊन जाते. कागद टेबलाच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल असा. त्यानंतर थंडरट्रीला जायचं की नाही यावर अर्धा तास वाद झाला. रिकामा वाटलेला भाग आता सगळ्यात आवडता आहे.

थंडरट्रीतल्या व्हेनमफँग या ड्रॅगनची मात्र आधीच सूचना द्या. विषारी श्वास १२डी६, सरासरी ४२. तिसऱ्या लेव्हलची अख्खी पार्टी एका फुंकरीत झोपते. अर्धे हिट पॉइंट गेले की तो उडून जातो, हे पुस्तकातच आहे. ते विसरून शेवटपर्यंत लढवलं की पार्टी संपते.

बाकी थोडक्यात. विक्रेत्याने पाठवलेल्या बॉक्समध्ये डी२० नव्हता, तीन मेल केल्यावर “वापरलेल्या मालाची तक्रार घेत नाही” असं उत्तर. बाजारातून सुटा घेतला. पुस्तिका पिनांवर बांधलेली आहे, पावसाळ्यात मधली पानं सुटतात. पहिल्याच दिवशी ६४ पानांची झेरॉक्स काढून स्पायरल करा आणि मूळ प्रत कपाटात ठेवा.

किंमत वसूल झाली. दुसरी पार्टी श्रावणात बसतेय. या वेळी आठ पायांची खूण त्या दोन मेलेल्या घोड्यांपाशी पडलेल्या रिकाम्या नकाशाच्या नळीवरच काढली आहे.