इस्लामी राज्यविचारावरचं चर्चासत्र आणि झोटेरोचं सामायिक ग्रंथालय

विद्यार्थ्यांचं चर्चासत्र भरवायचं ठरलं की समितीचा बहुतेक वेळ सभागृह, माइक आणि प्रमाणपत्रं यांत जातो. वाचनसाहित्याचा विचार शेवटी होतो आणि तोही ‘लिंक टाकून देऊ’ एवढाच. आमच्या चर्चासत्राचा विषय होता ‘इस्लामी विचारातील राज्यसंस्था’. गोषवारे निवडणं आणि वाचनसाहित्य जमवणं ही कामं माझ्याकडे होती. त्यासाठी आम्ही झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं मोफत सॉफ्टवेअर वापरलं. एकेकट्याने नव्हे, तर समिती, निबंधवाचक आणि चर्चक अशा सगळ्यांचं मिळून एक ग्रंथालय म्हणून. हे परीक्षण त्या वापराचं आहे.

माझं मत आधीच सांगते. या विषयावर पुन्हा चर्चासत्र घ्यायची वेळ आली, तर सभागृह ठरण्याच्या आधी मी झोटेरोवर गट उघडेन.

याचं कारण विषयातच आहे. राज्यसंस्थेवर गोषवारे मागवले की ‘इस्लाममध्ये धर्म आणि राज्य वेगळे नाहीत’ हे विधान निरनिराळ्या वेशांत समोर येतं. कुणी ते अभिमानाने लिहितं, कुणी टीका म्हणून. हे कुणी म्हटलं, कोणत्या शतकात, कोणत्या राजवटीत, असं विचारलं की उत्तर बऱ्याचदा एखाद्या दुय्यम पुस्तकाच्या प्रस्तावनेपाशी येऊन थांबतं. चौदा शतकांचा वाद एका वाक्यात कोंबला जातो, आणि मग सत्रांमध्ये भांडण होतं पण चर्चा होत नाही. मला ते नको होतं. म्हणून अट घातली की गोषवाऱ्यातल्या प्रत्येक मुख्य विधानामागे मूळ ग्रंथ, त्याची आवृत्ती किंवा भाषांतर आणि पान क्रमांक असायला हवा, आणि ती नोंद सामायिक ग्रंथालयात असायला हवी.

अकराव्या शतकातला कायदेपंडित अल्-मावर्दी याचंच उदाहरण घ्या. खलिफाच्या अंगी असायला हव्यात अशा सात अटी त्याने ‘अल्-अहकाम अल्-सुल्तानिया’ (शासनाचे नियम) या ग्रंथात दिल्या आहेत आणि त्यांत कुरैश कुळाचीही अट आहे. ही यादी कुठेही सहज मिळते. यादीच तेवढी वाचली तर हा माणूस एखादं आदर्श राज्य रेखाटतो आहे असं वाटतं. पण तो जिथे लिहीत होता त्या बगदादची खरी सत्ता ९४५ पासूनच खलिफाकडे नव्हे, तर बुवैही घराण्यातल्या अमिरांच्या (लष्करी सत्ताधीशांच्या) हाती गेली होती. बळाने प्रांत ताब्यात घेतलेल्या अमिराला कोणत्या अटींवर मान्यता द्यायची, याची चर्चा त्याने त्याच ग्रंथात केली आहे. दोन्ही भाग शेजारी ठेवले की हातातून निसटलेली सत्ता कायद्याच्या चौकटीत धरून ठेवण्याची त्याची धडपड दिसते. हे दोन भाग शेजारी ठेवण्याचं काम झोटेरोमध्ये फार चांगलं होतं.

ते कसं, हे सांगते. झोटेरोच्या आतच पीडीएफ उघडतं. तिथे मजकूर रंगवता येतो, बाजूला टिपण लिहिता येतं, आणि गटाच्या ग्रंथालयात प्रत्येकाच्या खुणेवर त्याचं नाव दिसतं. या खुणांवरून एका आदेशात टिपणवही तयार होते आणि टिपणातल्या उताऱ्यावरून थेट मूळ पानावर जाता येतं. कायद्याच्या विद्यार्थ्याने रंगवलेला परिच्छेद आणि त्याच पानावर इतिहासाच्या विद्यार्थिनीने उपस्थित केलेली शंका, दोन्ही चर्चकाला सत्राच्या आधीच वाचायला मिळत होत्या. त्यामुळे व्यासपीठावर ‘आपण मावर्दीचा उल्लेख केलात, पण…’ अशी मोघम सुरुवात झाली नाही. प्रश्न पानावर बोट ठेवून आले.

दुसरी आवडलेली सोय दिसायला अगदी साधी आहे. इथे एकच नोंद अनेक संग्रहांत ठेवता येते आणि तिची नक्कल होत नाही. आम्ही संग्रह शतकांप्रमाणे न लावता प्रश्नांप्रमाणे लावले: सत्ता कुणाची, सदस्य कोण, हद्द कुठे संपते, आज्ञा कधी मोडावी. पैगंबरांनी मदिनेतल्या टोळ्यांसोबत केलेला मदिनेचा करार इ. स. ६२२ च्या सुमाराचा. तो इब्न इसहाकच्या चरित्रग्रंथाच्या इब्न हिशामने सिद्ध केलेल्या पाठातून आपल्यापर्यंत येतो. तो ‘सदस्य कोण’मध्येही गेला, कारण त्यात मुस्लिमांसोबत यहुदी टोळ्याही सामील आहेत, आणि ‘सत्ता कुणाची’मध्येही. हनफी कायदेपंडित अल्-शैबानीचा (मृत्यू ८०५) परराष्ट्र व युद्धविषयक कायदा ‘हद्द कुठे संपते’मध्ये गेला. चौदाव्या शतकातला इतिहासकार इब्न खल्दून तर जवळजवळ सगळीकडे. कोणते ग्रंथ दोन-तीन संग्रहांत सारखे येत आहेत हे पाहूनच आम्ही सत्रांची मांडणी केली. ‘अभिजात काळ, मध्ययुग, आधुनिक काळ’ अशी नेहमीची विभागणी मी मनापासून नाकारते. त्या विभागणीत आधुनिक सत्रात बसलेल्यांना शैबानी वाचायची गरजच वाटत नाही. मग १९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ कराराने राज्याची जी चार लक्षणं सांगितली, म्हणजे कायम लोकसंख्या, निश्चित प्रदेश, शासन आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता, त्यांच्यासमोर ‘दार-उल्-इस्लाम’ (इस्लामी कायद्याच्या अंमलाखालचा प्रदेश) ही कल्पना ठेवून पाहण्याची संधी हुकते. आमच्याकडे तेच सत्र सर्वांत रंगलं. सीमारेषेने आखलेलं राज्य आणि कायद्याच्या अंमलाने ओळखला जाणारा प्रदेश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिथे नीट मांडलं गेलं.

आता तारखा. या विषयात झोटेरोची खरी परीक्षा इथे होते. इब्न खल्दूनने ‘मुकद्दिमा’चा, म्हणजे आपल्या इतिहासग्रंथाच्या प्रस्तावनेचा, पहिला खर्डा हिजरी ७७९ मध्ये, म्हणजे १३७७ मध्ये पूर्ण केला. विद्यार्थ्यांच्या हातात असतं ते रोझेन्थालचं १९५८ चं तीन खंडांतलं इंग्रजी भाषांतर किंवा त्याचीच १९६७ ची संक्षिप्त आवृत्ती. नोंदीत फक्त १९६७ लिहिलं तर संदर्भसूचीत इब्न खल्दून विसाव्या शतकातला लेखक होऊन बसतो. आम्ही वापरलं तेव्हा झोटेरोच्या मुख्य नोंदीत मूळ लेखनकाळासाठी वेगळा रकाना नव्हता. पण ‘एक्स्ट्रा’ या रकान्यात ठरावीक पद्धतीने मूळ वर्ष लिहिलं, तर एपीएसारख्या संदर्भशैलीत मजकुरातल्या संदर्भात दोन्ही वर्षं तिरक्या रेघेने जोडून छापली जातात. हिजरी सनासाठी मात्र काहीच व्यवस्था नाही. आम्ही हिजरी वर्ष त्याच रकान्यात वेगळ्या ओळीवर लिहायचं ठरवलं. ते सूचीत आपोआप येत नाही, वाचणाऱ्याला मात्र दिसतं. हिजरी वर्ष चांद्रमानाचं, सुमारे ३५४ दिवसांचं असल्यामुळे ते बहुधा दोन इसवी वर्षांत विभागलेलं असतं. म्हणून रूपांतर करणाऱ्याने दोन्ही वर्षं ठेवावीत असा माझा आग्रह होता आणि आहे.

लेखकांच्या नावांबाबतही सुरुवातीलाच नियम ठरवायला हवा. ‘अल्-’ने सुरू होणारी नावं कुणी एका पद्धतीने भरली आणि कुणी दुसऱ्या, तर तत्त्वज्ञ अल्-फाराबी एकच असूनही सूचीत दोन ठिकाणी येतो. सॉफ्टवेअर इथे आपल्यासाठी निर्णय घेत नाही आणि मला ते योग्य वाटतं. ‘अल्-अहकाम अल्-सुल्तानिया’ या एकाच नावाचे दोन ग्रंथ एकाच शतकात, एकाच शहरात लिहिले गेले. एक शाफई या सुन्नी कायदापंथाच्या मावर्दीचा, दुसरा हंबली या दुसऱ्या सुन्नी कायदापंथाच्या अबू याला इब्न अल्-फर्राचा (मृत्यू १०६६). लेखकाचं नाव नीट भरलेलं असेल तर हे दोन कधीच मिसळत नाहीत. दोघांची तुलना करणारा निबंध आमच्याकडे आला तेव्हा ही काटेकोर नोंद किती मोलाची आहे हे सगळ्यांनाच पटलं.

विसाव्या शतकाच्या संग्रहात रंगीत खूणचिठ्ठ्यांचा (टॅगचा) फार उपयोग झाला. नऊ खूणचिठ्ठ्यांना रंग देता येतात आणि आकड्याची कळ दाबून त्या लावता येतात. ३ मार्च १९२४ रोजी तुर्कस्तानच्या राष्ट्रसभेने खिलाफत रद्द केली. पुढच्याच वर्षी इजिप्तमधला धर्मपंडित अली अब्द अल्-राझिक याने खिलाफत हा धर्माचा अनिवार्य भाग नाही असं मांडलं आणि कैरोच्या अल्-अझर विद्यापीठाच्या ज्येष्ठ उलेमांनी त्याला आपल्यातून काढून टाकलं. १९२६ मध्ये इजिप्तचा कायदेतज्ज्ञ सन्हूरी याने फ्रेंचमध्ये खिलाफतीवर प्रबंध प्रसिद्ध केला आणि तिला राष्ट्रसंघासारखं रूप देता येईल का याचा विचार केला. सुधारक विचारवंत रशीद रिदाने तर खिलाफत रद्द होण्याआधीच तिच्या पुनर्रचनेवर लिहिलं होतं. इतक्या कमी वर्षांत इतक्या परस्परविरोधी भूमिका आल्या. आम्ही समर्थन, नकार आणि पुनर्रचना असे तीन रंग ठेवले आणि यादी तारखेनुसार लावली. पडद्यावर ती यादी दाखवली तेव्हा सत्राध्यक्षांनी प्रास्ताविक बाजूला ठेवून थेट त्या यादीवरच बोलायला सुरुवात केली. खोमेनींची १९७० ची इराकमधल्या नजफ इथली व्याख्यानं आणि इराणचं १९७९ चं संविधान यांसाठी आम्ही वेगळा संग्रह केला. सुन्नी फिक्हच्या, म्हणजे धर्मशास्त्रीय कायद्याच्या, चौकटीत विलायत-ए-फकीह (धर्मपंडिताच्या हाती सत्ता असावी हा शिया सिद्धांत) कोंबणं मला चुकीचं वाटतं. शियांच्या बाराव्या, अदृश्य मानल्या जाणाऱ्या इमामाच्या अनुपस्थितीचा प्रश्न हा तिचा पाया आहे आणि तो सुन्नी ग्रंथांत त्या रूपात येतच नाही.

काही मर्यादा माहीत असलेल्या बऱ्या. स्वतःच्या ग्रंथालयातून गटात ओढलेली नोंद ही स्वतंत्र प्रत होते; नंतर एकीकडे केलेली दुरुस्ती दुसरीकडे जात नाही. म्हणून दुरुस्त्या गटातच कराव्यात. झोटेरोवर मोफत जागा ३०० एमबी मिळते आणि गटातल्या फायली गटाच्या मालकाच्या जागेतून मोजल्या जातात. स्कॅन केलेले जुने ग्रंथ जड असतात, त्यामुळे ही जागा पटकन भरते. कुणीही सामील होऊ शकेल अशा खुल्या सार्वजनिक गटात फायली ठेवताच येत नाहीत, फक्त नोंदी ठेवता येतात. आम्ही खासगी गट केला. ज्यांचे हक्क संपलेले आहेत तेवढ्याच ग्रंथांच्या फायली त्यात ठेवल्या आणि बाकीच्यांसाठी केवळ नोंद आणि पान क्रमांक. हक्क असलेली पुस्तकं स्कॅन करून वाटणं विद्यार्थी समितीने टाळायलाच हवं, भले कितीही जण मागोत.

संपादनाचा अधिकार सगळ्यांना देऊ नका. गटाच्या मांडणीत वाचणारे आणि बदल करणारे वेगळे ठेवता येतात. निबंध निवडला गेला की त्या लेखकाला आम्ही अधिकार देत होतो, तोवर तो वाचक. नोंद कशी भरायची याचं एक पानभर टिपण गटातच सर्वांत वर ठेवा आणि निवडपत्रासोबतही तेच पाठवा. गोषवारे मागवण्याच्या आवाहनातच ‘मूळ ग्रंथाची झोटेरो नोंद आवश्यक’ असं छापलंत तर निम्मं काम तिथेच होतं, कारण ज्यांनी मूळ ग्रंथ उघडलेलाच नाही ते त्या ओळीपाशी थांबतात आणि ग्रंथालयात जातात.