जुन्या पॉझिटिव्ह फिल्म्स: जपून ठेवाव्यात, पुन्हा वापराव्यात की काढून टाकाव्यात?

स्क्रीन प्रिंटिंगच्या व्यवसायात प्रत्येक कामागणिक निदान एक पॉझिटिव्ह फिल्म, म्हणजे जिच्यावरून स्क्रीन तयार करतात ते पारदर्शक शीटवरचे काळे चित्र, मागे उरते, आणि बहुरंगी काम असेल तर रंगागणिक एक. काही वर्षांत कपाट भरते आणि मग एकतर सगळेच ठेवण्याचा किंवा सगळेच एकदम काढून टाकण्याचा विचार सुरू होतो. हे दोन्ही निर्णय मला चुकीचे वाटतात, कारण गठ्ठ्यातली प्रत्येक फिल्म सारख्या गुणाची नसते. ती कशी तयार झाली आहे, एकटी आहे की संचातली, आणि तिची मूळ फाइल आज तशीच उघडते का, हे पाहिल्याशिवाय निवाडा करू नये.

आधी घडणीचा विचार करू. इमेजसेटरवर (फिल्मवर लेझरने चित्र उमटवणाऱ्या यंत्रावर) काढलेल्या चांदीच्या फिल्ममधला काळा भाग चांदीच्या सूक्ष्म कणांचा असतो. त्याची घनता साधारण 4 पर्यंत किंवा त्याहून वर जाते, म्हणजे काळ्या भागातून दहा हजारातला जेमतेम एक भाग प्रकाश पलीकडे जातो. अशी फिल्म नीट धुतलेली आणि कोरडी ठेवलेली असेल, तर अनेक वर्षांनीही तिच्यावर नवी स्क्रीन (छपाईची ताणलेली जाळी) विश्वासाने एक्स्पोज करता येते, म्हणजे प्रकाश देऊन तिच्यावर चित्र उतरवता येते. इंकजेट फिल्मचे तसे नाही. तिच्यावरचा सच्छिद्र लेप शाई धरून ठेवतो, पण हवेतला ओलावाही शोषतो. दमट जागेत शाई चिकट होते, एकावर एक ठेवलेल्या फिल्म्स चिकटतात आणि ओढून वेगळ्या करताना काळा भाग सोलून निघतो. शिवाय रंगद्रव्य विरघळलेली शाई प्रकाशात फिकट होत जाते. लेझर प्रिंटरवरच्या फिल्ममध्ये टोनर उष्णतेने वितळवून बसवतात, त्यामुळे फिल्म छापतानाच थोडी आकसू शकते, तिच्यात बारीक छिद्रे राहतात आणि घडी पडली की टोनर उडतो. ट्रेसिंग पेपरवरचे पॉझिटिव्ह तर हवेतल्या ओलाव्याप्रमाणे लहानमोठे होत राहते; एकरंगी कामापलीकडे ते जपण्यात अर्थ नाही.

हाताने कापलेल्या लाल मास्किंग फिल्मची गोष्ट वेगळी आहे. ती डोळ्यांना पारदर्शक दिसते म्हणून निकामी समजून टाकली जाण्याचा धोका असतो. प्रत्यक्षात इमल्शन (स्क्रीनवरचा लेप, जो प्रकाशाने कडक होतो आणि झाकलेल्या जागी मऊ राहून धुतला जातो) ज्या अतिनील आणि निळ्या प्रकाशाने कडक होते, तो प्रकाश हा लाल थर अडवतो. अशा कामाची संगणकावर फाइलही नसते, म्हणून ती सपाट ठेवून जपावी.

पुन्हा वापरायची की नवी काढायची, याचा निर्णय मुख्यतः घनतेवर ठरतो, आणि नेमकी हीच बाब नुसत्या नजरेला फसवते. घनता 3 असेल तर हजारातला एक भाग प्रकाश काळ्यातून जातो. ती 2 वर आली की शंभरातला एक. फिल्म टेबलावर काळीच दिसते, पण एक्स्पोजरमध्ये चित्राखालचे इमल्शनही थोडे कडक होते आणि बारीक रेषा धुताना उघडत नाहीत. मग कारागीर एक्स्पोजरची वेळ कमी करतो. रेषा उघडतात, पण उरलेले इमल्शन पुरते कडक होत नाही आणि छपाईच्या मध्यावर स्क्रीनला छिद्रे पडू लागतात किंवा कडा झिजतात. दोष इमल्शनला दिला जातो, खरे कारण मात्र जुन्या फिल्ममध्ये असते. घनतामापक असल्यास अतिनील प्रकाशासाठीचे मापन घ्यावे; नसल्यास नव्या फिल्मचा तुकडा आणि जुनी फिल्म एकाच स्क्रीनवर शेजारी ठेवून एकाच वेळेत एक्स्पोज करावी आणि दोन्ही कशा धुतल्या जातात ते पाहावे. याच चाचणीत पारदर्शक भाग पिवळा पडला आहे का तेही कळते, कारण पिवळेपणा नेमका हवा तोच प्रकाश अडवतो. चांदीच्या फिल्मवरची धूळ आणि टेपचा चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येतो. इंकजेट फिल्मला पाणी किंवा अल्कोहोल लावल्यास शाईच उतरते. तुरळक छिद्रे अपारदर्शक शाईच्या पेनाने भरता येतात, पण हाफटोन भागात, म्हणजे बारीक ठिपक्यांनी छटा दाखवणाऱ्या भागात, ओरखडे असतील तर तो खटाटोप करू नये.

संचातल्या फिल्म्सना एक स्वतंत्र नियम लावावा लागतो. चार रंगांपैकी एकच फिल्म खराब झाली म्हणून तेवढीच नवी काढावी, असा मोह होतो. फिल्मचा पाया असलेल्या पॉलिएस्टरचे माप तापमानाने बदलते: तापमान 10 अंशांनी वाढले की 50 सेंटिमीटर लांबीत सुमारे एक दशांश मिलिमीटर फरक पडू शकतो. ओलावा आणि प्रिंटरच्या फिल्म ओढण्यातला फरक वेगळाच. जाड अक्षरांत हे खपून जाते. हाफटोनमध्ये किंवा रंगाला रंग टेकणाऱ्या चित्रात रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांची एकमेकांशी जुळणी, बिघडते. म्हणून अशा कामात एक फिल्म गेली की सगळा संच एकाच बैठकीत नवा काढणे मी योग्य मानतो.

मूळ फाइल आहे म्हणून फिल्म टाकावी, हा युक्तिवाद साध्या अक्षरांच्या आणि रेषांच्या कामापुरता बरोबर आहे. हाफटोनच्या कामात फाइल उघडणे पुरेसे नसते; फॉन्ट बदललेला असतो, रिप सॉफ्टवेअरची (फाइलमधल्या छटांचे ठिपके करणाऱ्या) नवी आवृत्ती ठिपक्याचा आकार वेगळा काढते, आणि जुन्या छपाईशी जुळणारी प्रत मिळत नाही. फाइल नसेल तर रेषांची फिल्म 1200 डीपीआयवर स्कॅन करून ठेवता येते; हाफटोन फिल्म स्कॅन करून पुन्हा हाफटोन काढल्यास मात्र मॉरे, म्हणजे नको असलेली जाळीदार नक्षी, उमटण्याची मोठी शक्यता असते.

ठेवायचे ठरल्यास फिल्म अंधाऱ्या, कोरड्या जागी सपाट ठेवावी किंवा उभी टांगावी, दोन फिल्म्समध्ये आम्लरहित कागद घालावा आणि पीव्हीसीची पाकिटे टाळावीत. जुन्या ॲसिटेट पायाच्या फिल्मला व्हिनेगरसारखा वास येऊ लागला असेल, तर ती ताबडतोब बाजूला काढावी, कारण तिच्यातून सुटणारे आम्ल शेजारच्या फिल्म्सचाही क्षय वाढवते.

टाकण्याच्या बाबतीतही भेद करावा. चांदीच्या फिल्म्स वेगळ्या साठवून चांदी परत मिळवणाऱ्यांकडे द्याव्यात. त्या जाळू नयेत. इंकजेट फिल्मचा पाया पॉलिएस्टरचा असला तरी लेप आणि शाईमुळे ती साध्या प्लास्टिकच्या बाटल्यांसोबत पुनर्वापराला देणे योग्य नाही. तिच्या कोऱ्या कडा आधी कापून घ्याव्यात, त्या चाचणीच्या पट्ट्यांना उपयोगी पडतात. छापलेला भाग धुऊन पुन्हा छापण्याचा प्रयत्न करू नये, कारण धुण्यात शाईबरोबर लेपही खराब होतो. ग्राहकाचे बोधचिन्ह किंवा लेबल असलेली फिल्म तुकडे करूनच बाहेर जावी, कारण अखंड फिल्मवरून कोणालाही नकली माल छापता येतो. आणि फिल्म गेली तरी तिच्या पाकिटावरची मेश (जाळीची वीण), हाफटोनची रेषासंख्या, कोन, रंगांचा क्रम आणि एक्स्पोजरची वेळ ही माहिती फाइलसोबत उतरवून घेतल्याशिवाय पाकीट टाकू नये.