२०३५ सालचा हिशेब: भावी पर्यावरणीय परिणाम मोजून देणाऱ्या एका सेवेचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील आमच्या फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, वाळूचे साचे छापणारा थ्रीडी प्रिंटर घ्यावा की नाही, हा प्रश्न वर्षभर रेंगाळत होता. आमचे पंपाचे भाग युरोपीय संघाच्या सीमेवरील कार्बन आकारणीत (आयात माल बनवताना सुटलेल्या कार्बनवरील शुल्कात) थेट येत नाहीत, परंतु १ जानेवारी २०२६ पासून त्या आकारणीचा प्रत्यक्ष टप्पा सुरू झाल्याने ग्राहक सरसकट सर्वच मालाचा कार्बनचा हिशेब मागू लागले आहेत. म्हणून चार फौंड्रीवाल्यांनी वर्गणी काढून एका सल्लागार संस्थेला या तंत्राचे जीवनचक्र मूल्यमापन, म्हणजे कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतच्या पर्यावरणीय परिणामांचा हिशेब, करण्याचे काम दिले. संस्थेचे नाव येथे मुद्दाम देत नाही.

प्रत्यक्ष पाहणी उत्तम झाली, हे आधी सांगितले पाहिजे. दोन तरुण अभियंते तीन दिवस कारखान्यात होते. त्यांनी मिक्सरपाशी उभे राहून वाळू वजन केली, भट्टीच्या मीटरची नोंद प्रत्येक हीटला (धातू वितळवण्याच्या फेरीला) घेतली आणि कुंपणामागे साठलेल्या काळ्या वाळूचा ढीग चक्क टेपने मोजला. त्या ढिगाकडे आम्ही स्वतः कित्येक वर्षांत नीट पाहिले नव्हते.

अडचण पहिल्या मसुद्यात आली. आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही अशा मूल्यमापनाची २००६ सालची मानके चालू प्रक्रियेला चांगली लागू पडतात. पण जे यंत्र आमच्याकडे अजून चाललेलेच नाही, त्याचे प्रात्यक्षिकाच्या वेळचे वीजवापराचे आकडे घेऊन आमच्या मुरलेल्या पद्धतीशी तुलना केली, तर नव्या तंत्रावर अन्याय होतो. उलट, विक्रेत्याच्या पत्रकातील आकडे घेतले तर आमच्यावर होतो. शिवाय यंत्र २०३५ मध्येही चालणार असताना वीज मात्र आजचीच, म्हणजे युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड सोडणारी धरली होती. एवढे करून उत्तर काय, तर दोन दशांश स्थळांपर्यंतचा एकच आकडा! पुढच्या दशकाबद्दल इतक्या ठामपणे बोलणाऱ्याविषयी संशय यावा, हे स्वाभाविक आहे. मसुदा परत पाठवल्यावर विजेच्या तीन वेगवेगळ्या शक्यता धरून त्यांनी एका आकड्याऐवजी किमान ते कमाल असा पट्टा काढून दिला, आणि तो पट्टा बराच रुंद निघाला.

खरा वाद बाइंडरवरून, म्हणजे वाळूचे कण चिकटवणाऱ्या द्रव्यावरून झाला. अशा यंत्रांत वाळू बांधण्यासाठी बहुधा फ्युरान रेझिन वापरतात. त्यातील फरफ्युरिल अल्कोहोल हे फरफ्युरालपासून, आणि फरफ्युराल उसाच्या बगॅसपासून (चिपाडापासून) किंवा मक्याच्या कणसांच्या बुरकुंडांपासून तयार होते. अहवालात बगॅसला ‘शेतीतील कचरा’ म्हणून त्याचा भार शून्य धरला होता. चिपाडाला कचरा म्हणणारा माणूस गुऱ्हाळावरच्या चुलवाणापाशी कधी उभा राहिलेला नसावा. आपल्याकडे साखर कारखाने बगॅस जाळून वाफ आणि वीज करतात. तेच बगॅस रसायनाकडे वळले, तर त्या विजेच्या जागी कोणती वीज येईल, हा प्रश्न हिशेबात यायलाच हवा. त्यांनी तो मान्य केला, आणि ऊस पिकवण्यासाठी लागणाऱ्या पाण्याखताचा किमतीच्या प्रमाणात वाटा बगॅसवर टाकताच प्रिंटरची आघाडी बरीच कमी झाली. या फ्युरानसोबतच्या सल्फोनिक आम्लामुळे धातू ओतताना गंधकाचे वायू सुटतात, ही बाब मात्र दुसऱ्या मसुद्यातही परिशिष्टातील एका ओळीत उरकली आहे. ओतकाम करणारी माणसे तो वास घेतात, तेव्हा कार्बनच्या एका आकड्यावर समाधान मानणे मला पटत नाही.

सर्वांत उपयोगी ठरला तो नगांच्या संख्येचा तक्ता. एखाददुसऱ्या चाचणी नगासाठी पॅटर्न (वाळूत ठसा उमटवणारा भागाचा नमुना) न बनवता साचा छापणे फायद्याचे ठरते, परंतु तोच भाग वर्षानुवर्षे ओतायचा असेल तर जुना पॅटर्नच सरस ठरतो, आणि ही सीमा कोणत्या गृहीतकाने किती सरकते हे त्यात स्वच्छ दाखवले आहे.

तंत्र नवे असताना ते वळवणे सोपे, पण परिणाम अज्ञात असतात. परिणाम कळतात तेव्हा ते रुजलेले असते, असा पेच डेव्हिड कॉलिंगरिज यांनी १९८० मध्ये मांडला होता. आमच्या बाबतीत तो अगदी शब्दशः लागू आहे, कारण प्रिंटरचे हेड ठरावीक बाइंडरसाठीच जुळवलेले असते आणि यंत्र बसल्यावर तो बदलणे जिकिरीचे होते. त्यामुळे आम्ही खरेदी थांबवून, सीओटू कोअरसाठी (कार्बन डायऑक्साइड सोडून घट्ट केलेल्या, भागातील पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्यासाठी) आपण वापरतो त्या सोडियम सिलिकेटच्या जातीच्या बाइंडरवर चालणाऱ्या यंत्राचे कोटेशन मागवले आहे.

सहा आठवड्यांचे काम अकरा आठवड्यांत झाले, अहवाल पूर्णपणे इंग्रजीत आहे आणि गणिताची एक्सेल फाईल द्यायला संस्था सुरुवातीला तयार नव्हती. तरीही पाहणीतील काटेकोरपणा आणि चूक दुरुस्त करण्याची तयारी यांसाठी मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. शेवटचा हप्ता आम्ही ती फाईल उघडून, त्यातला विजेचा आकडा स्वतः बदलून पाहिल्यावरच दिला.