गाडीची रजिस्ट्रेशन फी टॅक्स रिटर्नमध्ये दाखवावी का? अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी तुलना

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांच्या घरी वर्षातून एकदा डीएमव्हीचं, म्हणजे राज्याच्या वाहन खात्याचं, पाकीट येतं. आत रजिस्ट्रेशन फी, हायवे पॅट्रोलची (महामार्ग पोलिसांची) फी, काउंटीची फी, लायसन्स फी अशा ओळी असतात आणि खाली सगळ्यांची बेरीज. आम्ही सुरुवातीची काही वर्षं ती बेरीज जशीच्या तशी रिटर्नमध्ये टाकत होतो. पुढे जुनी रिटर्नं काढून बसले तेव्हा कळलं, की त्यातल्या फक्त एका ओळीवर आमचा हक्क होता आणि त्या वर्षांत तिचाही काडीचा फायदा झालेला नव्हता.

आयआरएसची, म्हणजे केंद्राच्या आयकर खात्याची, अट सरळ आहे. गाडीवरचा कर गाडीच्या किमतीवर आकारलेला हवा आणि तो दर वर्षाच्या हिशेबाने लावलेला हवा, तरच त्याला वैयक्तिक मालमत्तेवरचा कर म्हणून शेड्यूल ए वर, म्हणजे एकेक वजावट मांडायच्या फॉर्मवर, जागा मिळते. वजनावर, गाडीच्या वयावर किंवा सरसकट एकच आकडा लावून घेतलेली फी तिथे चालत नाही. बिलावर ‘टॅक्स’ लिहिलंय की ‘फी’, याने फरक पडत नाही.

त्यामुळे पहिला प्रश्न, तुम्ही कुठल्या राज्यात राहता. कॅलिफोर्नियात लायसन्स फी नावाची ओळ गाडीच्या किमतीच्या ०.६५ टक्के असते, ती चालते, बाकीच्या ओळी सोडून द्यायच्या. टेक्सासमध्ये साध्या गाडीला ५०.७५ डॉलर मूळ फी आणि वर स्थानिक आकार. गाडी दहा हजारांची असो की ऐंशी हजारांची, आकडा तोच, म्हणून वजावट शून्य. न्यू जर्सीत फी वजन आणि मॉडेलच्या वर्षावर ठरते, तिथेही शून्य. तिथल्या एडिसनच्या मंडळींनी यात वेळ घालवू नये. व्हर्जिनियात गंमत उलटी आहे: डीएमव्हीला भरलेली फी चालत नाही, पण काउंटी गाडीवर जो वेगळा कर लावते तो चालतो. कनेटिकटमध्ये गाव-शहरांकडून येणारं गाडीच्या कराचं बिलही याच जातीचं.

मॅसॅच्युसेट्सचा आकडाही जड. तिथे एक्साइज नावाचा गाडीवरचा कर हजार डॉलरमागे २५ डॉलर, आणि गाडीची किंमत धरताना कंपनीच्या मूळ यादीतल्या किमतीचे टक्के घेतात: उत्पादनाच्या वर्षी ९०, मग ६०, ४०, २५ आणि पाचव्या वर्षापासून १०. म्हणजे ४०,००० डॉलरच्या नव्या गाडीवर ९०० डॉलर. कॅलिफोर्नियात ४२,००० च्या गाडीवर २७३. बॉस्टनकडच्या घरांनी ते बिल कचऱ्यात टाकण्याआधी दोनदा विचार करावा.

आता खरा निर्णय: स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरकारने ठरवलेली सरसकट वजावट, घ्यायचं की आयटमाइज करायचं, म्हणजे एकेक वजावट मोजून दाखवायची. २०२५ च्या रिटर्नसाठी नवरा-बायको एकत्र भरत असतील तर स्टँडर्ड डिडक्शन ३१,५०० डॉलर आहे, एकट्या माणसाला १५,७५०. गाडीचा कर उपयोगी पडायचा तर तुमच्या सगळ्या वजावटी मिळून हा आकडा ओलांडायला हवा. भाड्याच्या घरात राहणाऱ्या जोडप्याचं उत्पन्न ३ लाख डॉलर असलं, तरी राज्याचा कर २०,००० आणि देणग्या २,००० धरून २२,००० होतात. गाडीचे २७३ घातले तरी ३१,५०० फार लांब. अशा घराने स्टँडर्ड घ्यावं आणि डीएमव्हीचं पाकीट विसरून जावं.

त्याच उत्पन्नाचं, पण स्वतःचं घर असलेलं जोडपं घ्या. राज्याचा कर २०,०००, प्रॉपर्टी टॅक्स १४,०००, मॉर्गेजचं व्याज २६,०००. हे जोडपं आधीही आयटमाइज करतच होतं. पण २०१८ ते २०२४ या काळात राज्य आणि स्थानिक करांची वजावट १०,००० डॉलरवर अडवलेली होती. ती मर्यादा राज्याच्या कराने एकट्यानेच भरून जायची, मग गाडीचा कर लिहा अथवा लिहू नका, सारखंच. आमचंही नेमकं हेच झालं होतं. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने ही मर्यादा २०२५ साठी ४०,००० केली. या जोडप्याचे कर ३४,००० होतात, वर जागा उरते आणि गाडीचे २७३ पहिल्यांदाच मोजले जातात. २४ टक्क्यांच्या टप्प्यात केंद्राच्या करात साधारण ६५ डॉलर वाचतात. उत्पन्न ५ लाखांवर गेलं की मात्र ही मर्यादा पुन्हा आक्रसत जाते आणि ६ लाखांशी १०,००० वर येऊन थांबते. बे एरियात दोघंही कंपनीचे शेअर मिळवणारे असतील तर आधी हे बघा.

कॅलिफोर्नियाच्या राज्य रिटर्नकडे आपली माणसं सहसा नीट बघत नाहीत, आणि मला वाटतं खरी चूक इथे होते. तिथलं स्टँडर्ड डिडक्शन २०२५ साठी जोडप्याला फक्त ११,४१२ डॉलर आहे, आणि केंद्राकडे स्टँडर्ड घेतलं असलं तरी राज्याकडे आयटमाइज करता येतं. राज्याचा स्वतःचा आयकर इथे वजा होत नाही, पण प्रॉपर्टी टॅक्सवर १०,००० किंवा ४०,००० ची अडवणूकही नाही. प्रॉपर्टी टॅक्स ९,००० आणि व्याज १२,००० असलेलं साधं घर केंद्राकडे स्टँडर्ड घेईल आणि राज्याकडे २१,००० आयटमाइज करेल. लायसन्स फी त्यातच बसते. वरच्या ३ लाखवाल्या जोडप्याला राज्याच्या ९.३ टक्क्यांनी आणखी २५ डॉलर मिळतात, म्हणजे एका गाडीमागे सगळे मिळून सुमारे ९०. दोन गाड्या असतील तर दहा मिनिटांच्या कामाचे हे पैसे सोडू नयेत.

स्वतःचा धंदा असेल तर गणित वेगळं. डब्ल्यू-टू वर पगार घेणाऱ्याला, म्हणजे नोकरदाराला, ऑफिसच्या कामासाठी गाडी वापरल्याची वजावट केंद्राकडे मिळत नाही. पण घरं विकणारी किंवा केटरिंग करणारी ताई शेड्यूल सी, म्हणजे स्वतःच्या धंद्याच्या हिशेबाचा फॉर्म, भरत असेल तर तिच्यापुढे दोन रस्ते आहेत. प्रत्यक्ष खर्च दाखवला तर रजिस्ट्रेशनची सगळी फी धंद्याच्या वापराच्या प्रमाणात धरता येते, टेक्सासची सरसकट फीसुद्धा. मैलाचा दर घेतला, जो २०२५ ला ७० सेंट होता, तर रजिस्ट्रेशन त्या दरातच आलं; मात्र किमतीवरच्या कराचा धंद्याचा हिस्सा तरीही वेगळा लावता येतो. गाडी ६० टक्के कामाला वापरली तर ६० टक्के शेड्यूल सी वर आणि उरलेले ४० टक्के, आयटमाइज करत असलात तर, शेड्यूल ए वर. शेड्यूल सी वरची वजावट आयकरासोबत सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्सही (धंदेवाल्यांचा सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा कर) कमी करते, म्हणून शक्य तेवढं तिकडेच न्यावं.

एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर नव्याने आलेल्या मुलांनी यात पडूच नये. नॉनरेसिडेंटच्या, म्हणजे करापुरतं अमेरिकेचं रहिवासी न धरलेल्याच्या, १०४०-एनआर या रिटर्नसोबतच्या शेड्यूल ए वर गाडीच्या कराला जागाच नाही. उलट भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१(२) मुळे भारतीय विद्यार्थ्याला स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, जे बाकी बहुतेक देशांच्या नॉनरेसिडेंट मुलांना मिळत नाही. ते घ्यावं.

सध्या अजून एक गल्लत कानावर येते. नव्या गाडीच्या कर्जावरचं व्याज २०२५ ते २०२८ दरम्यान वजा करता येतं, आयटमाइज न करताही, ते हे नव्हे. त्याला गाडीची अंतिम जोडणी अमेरिकेत झालेली असणं आणि उत्पन्नाची मर्यादा अशा वेगळ्याच अटी आहेत. रजिस्ट्रेशनशी त्याचा संबंध नाही.

आणि तारीख बघा. हा कर ज्या कॅलेंडर वर्षात भरला त्याच वर्षी मोजला जातो. नूतनीकरण जानेवारीत येत असेल आणि यंदा तुम्ही आयटमाइज करणार असाल, तर पाकीट डिसेंबरमध्ये हातात पडताच भरून टाका आणि लायसन्स फीच्या ओळीचा फोटो काढून टॅक्सच्या फोल्डरमध्ये ठेवा.