मोठ्या पॅकेटची पाठवणी : लिनक्सच्या एएफ-एक्सडीपी मल्टी-बफर सुविधेचे परीक्षण

लिनक्स कर्नलच्या ४.१८ या आवृत्तीबरोबर २०१८ साली एएफ-एक्सडीपी सॉकेट (कर्नलच्या नेहमीच्या नेटवर्क मार्गाला वळसा घालून प्रोग्रामला पॅकेट पाठवता-घेता येण्याची सोय) आले आणि तेव्हापासून ते वापरणाऱ्या प्रत्येकाला एक अट पाळावी लागत होती : पॅकेट एकाच फ्रेममध्ये मावले पाहिजे. प्रोग्राम आणि कर्नल या दोघांनी मिळून वापरायच्या मेमरीला, म्हणजे यूमेमला, २०४८ किंवा ४०९६ बाइटच्या फ्रेममध्ये विभागायचे आणि एका पॅकेटला एक फ्रेम द्यायची, असा सगळा व्यवहार असे. ९००० बाइटच्या जम्बो पॅकेटला त्यात जागाच नव्हती. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६.६ या आवृत्तीने ही अट काढली आणि एक पॅकेट अनेक बफरमधून पाठवण्याची सोय दिली. गेले काही महिने मी माझ्या पाठवणीच्या प्रोग्राममध्ये हीच सोय वापरतो आहे. हे परीक्षण मुख्यतः पाठवण्याच्या बाजूचे आहे, कारण खरी परीक्षा तिथेच होते.

रचना आधी पाहू, कारण ती खरोखर सुबक आहे. पाठवणीच्या रिंगमधला, म्हणजे प्रोग्राम आणि कर्नल यांच्यातल्या गोलाकार रांगेतला, प्रत्येक डिस्क्रिप्टर (एका तुकड्याची माहिती देणारी नोंद) १६ बाइटचा असतो : आठ बाइट पत्त्याचे, चार लांबीचे आणि चार पर्यायांचे. पर्यायांचा रकाना पूर्वी शून्यच ठेवावा लागे. आता त्यातला एक बिट ‘या पॅकेटचा पुढचा तुकडा मागून येत आहे’ असे सांगतो आणि शेवटच्या तुकड्यात तो बिट शून्य असला, की पॅकेट पूर्ण झाले असे कर्नल समजतो. सॉकेट नेटवर्क कार्डाशी बांधताना (बाइंड) एक्सडीपी-यूज-एसजी हा फ्लॅग दिला की झाले. नवी रिंग नाही, नवे स्ट्रक्चर नाही, डिस्क्रिप्टरचा आकारही बदललेला नाही. जुन्या प्रोग्रामला हात लावावा लागत नाही आणि नव्या प्रोग्राममध्ये मोजक्या ओळी वाढतात. जुनी मांडणी न मोडता इतका मोठा बदल बसवणे सोपे नसते, आणि ज्यांनी तो बसवला त्यांचे कौतुक करायलाच हवे.

कॉपी मोडमध्ये, म्हणजे डेटाची नक्कल करून पाठवताना, कर्नल पहिल्या तुकड्यातून सॉकेट बफर (पॅकेट ठेवण्याची कर्नलची रचना) तयार करतो आणि पुढचा प्रत्येक तुकडा नव्या पानावर उतरवून त्या बफरला जोडतो. या मोडमध्ये एका सेंडटू कॉलमध्ये (पाठवणी सुरू करण्यासाठी कर्नलला केलेल्या विनंतीत) मूळ मांडणीनुसार ३२ डिस्क्रिप्टरच हाताळले जातात. जम्बो पॅकेटला ४०९६ बाइटच्या तीन फ्रेम लागतात, म्हणजे दहा पॅकेट गेल्यावर अकराव्याचे दोनच तुकडे उचलले जातात आणि कॉल ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे सांगून परततो. इथे पॅकेट अर्धवट जाईल की काय, अशी मला धास्ती होती. प्रत्यक्षात कर्नल ते अर्धवट बांधलेले पॅकेट सॉकेटपाशी सांभाळून ठेवतो आणि पुढच्या कॉलमध्ये तिसरा तुकडा जोडून ते रवाना करतो. मी मुद्दाम याच सीमेवर येणारे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवून पाहिले आणि समोरच्या टोकाला प्रत्येक पॅकेट अखंड मिळाले.

मर्यादेच्या आतल्या पॅकेटबद्दल म्हणूनच माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती मर्यादा ओलांडणाऱ्या पॅकेटबद्दल.

कॉपी मोडमध्ये एका पॅकेटला किती तुकडे चालतात, हे कर्नल कंपाइल करताना ठरलेल्या एका आकड्यावर अवलंबून असते. तो आकडा कमीत कमी १७ असतो आणि पहिला तुकडा धरून १८ तुकडे कुठल्याही यंत्रावर चालतात. कर्नलचे दस्तऐवजही हीच मर्यादा पाळायला सांगतात. डिस्क्रिप्टरमध्ये संपूर्ण पॅकेटची लांबी किंवा तुकड्यांची संख्या कुठेही लिहिलेली नसते, त्यामुळे पॅकेट किती मोठे आहे हे कर्नलला शेवटचा तुकडा दिसेपर्यंत कळू शकत नाही. मर्यादा ओलांडली जात आहे हे त्याच्या लक्षात येते ते बरेच तुकडे जोडून झाल्यावर. अशा वेळी तो तोवर जमलेले सगळे टाकून देतो, हेही समजण्यासारखे आहे. पण त्यानंतर येणारा डिस्क्रिप्टर तो नव्या पॅकेटची सुरुवात मानतो, मग तो त्याच फेकलेल्या पॅकेटचा उरलेला भाग का असेना.

याचा अर्थ काय होतो हे पाहण्यासाठी मी ४०० बाइटचा एक, असे २० तुकडे असलेले एक पॅकेट पाठवले. पहिले १८ तुकडे टाकून दिले गेले. एकोणिसावा आणि विसावा मिळून ८०० बाइटचे एक ‘पॅकेट’ तयार झाले आणि ते तारेवरून निघूनही गेले. समोरच्या टोकाला पकडलेल्या त्या पॅकेटचे पहिले १४ बाइट, जिथे इथरनेटचे शीर्ष असायला हवे, तिथे माझ्या डेटामधले बाइट होते, म्हणजे त्यातलेच सहा बाइट आता गंतव्य पत्ता म्हणून वाचले जाणार होते. सेंडटू मात्र कोणतीही चूक न सांगता परतला. पॅकेट हरवणे एक वेळ परवडते, कारण वरचा प्रोटोकॉल ते पुन्हा मागू शकतो. कोणी कधी पाठवलेच नव्हते असे पॅकेट नेटवर्कवर जाणे मात्र मला अजिबात मान्य नाही. शेवटचा तुकडा दिसेपर्यंत पुढचे डिस्क्रिप्टर वाचून सोडून देणे, एवढीच अपेक्षा होती. सातत्याचा तो बिट त्यासाठीच तर आहे.

दुसरा त्रास हिशेबाचा आहे. एरवी प्रत्येक तुकड्याचा पत्ता काम झाल्यावर कम्प्लिशन रिंगमधून परत येतो आणि ती फ्रेम पुन्हा वापरता येते. टाकून दिलेल्या तुकड्यांचे पत्ते तिथे येत नाहीत. माझ्या चाचणीत शेवटचे दोन परत आले, आधीचे १८ आले नाहीत आणि सॉकेटच्या आकडेवारीतील अवैध डिस्क्रिप्टरांचा आकडा तेवढा १८ ने वाढला. प्रोग्राम जर मोकळ्या फ्रेमची यादी केवळ कम्प्लिशन रिंगवरून भरत असेल, तर अशा प्रत्येक चुकीमागे यूमेम थोडे थोडे आटत जाते आणि पाठवणी का थांबली हे शोधताना दिवस जातो. शून्य लांबीच्या तुकड्यालाही हेच लागू आहे. सेंडमेसेज या पाठवणीच्या नेहमीच्या कॉलला तुकड्यांची यादी देताना एखादा तुकडा रिकामा असला तरी चालते, म्हणून ती सवय इथे सहज येते, पण इथे रिकामा तुकडा अवैध ठरतो, पॅकेट तिथेच तुटते आणि त्याच्या पुढचा भाग नवे पॅकेट म्हणून धरला जातो.

झिरो-कॉपी मोडमध्ये, म्हणजे कार्ड यूमेममधूनच थेट डेटा उचलते तेव्हा, मर्यादा नेटवर्क कार्डाची असते. कर्नलने तिथे स्वतःचा ठरावीक आकडा लादलेला नाही, कारण कार्डाला झेपत नाही म्हणून आतल्या आत डेटाची नक्कल करावी लागली, तर झिरो-कॉपीला अर्थच उरत नाही. हा निर्णय मला पटतो. दस्तऐवजांनुसार बहुतेक कार्डे निदान पाच तुकडे पेलतात, आणि नेमका आकडा नेटलिंकवरून (कर्नलशी बोलण्याच्या एका मार्गाने) विचारता येतो. उत्तर एक आले, तर त्या कार्डावर झिरो-कॉपीमध्ये ही सोय नाही असे समजायचे. पाच हा आकडा पुरेसा वाटतो, पण गणित करून पाहावे. २०४८ बाइटच्या फ्रेममध्ये ९०१४ बाइटचे जम्बो पॅकेट आपण स्वतः भरले, तर पाच तुकडे होतात. तेच पॅकेट एका कार्डावरून घेऊन पुढे पाठवायचे असेल, तर येताना प्रत्येक फ्रेमच्या सुरुवातीचे २५६ बाइट राखीव राहतात, उरतात १७९२, आणि पाच फ्रेममध्ये ८९६० बाइटच मावतात. म्हणजे सहावा तुकडा आलाच. पॅकेट पुढे ढकलण्याचे काम असेल तर ४०९६ बाइटची फ्रेम घ्यावी, मेमरी थोडी जास्त लागली तरी चालेल. तिथे तीन तुकड्यांत काम भागते.

आणखी एक बाब सांगायला हवी. सॉकेट बांधताना झिरो-कॉपीचा आग्रह धरला नाही आणि कार्डाला अनेक तुकडे जमत नसले, तर कर्नल गाजावाजा न करता कॉपी मोडवर उतरतो. वेग अचानक कमी वाटला, तर आधी सॉकेटचा मोड विचारून घ्यावा.

जम्बो पॅकेटसाठी ही सुविधा मी वापरत राहणार आहे आणि इतरांनीही वापरावी असेच सांगेन, पण रिंगमध्ये पहिला डिस्क्रिप्टर लिहिण्यापूर्वी तुकडे मोजण्याची जबाबदारी प्रोग्रामने स्वतःकडे घ्यावी. माझ्या प्रोग्राममध्ये आता कॉपी मोडसाठी १८ आणि झिरो-कॉपीसाठी कार्डाने सांगितलेला आकडा ही मर्यादा आहे, रिकामे तुकडे आधीच गाळले जातात, आणि अवैध डिस्क्रिप्टरांचा आकडा शून्यावरून हलला की पाठवणी थांबते.